गाडीखालचा कोरडा कोबा

मी एक जुनं फडकं आहे. 'जुनं' हा शब्द खरं तर वायाच गेला, कारण नवं फडकं तुम्ही कधी पाहिलंय का, मित्रांनो? आम्ही जन्माला येतो तेच जुने होऊन. मी आधी निळ्या चौकड्यांची चादर होतो. एका घरातल्या पलंगावर मी सोळा वर्षं काढली, मधोमध विरलो, आणि एका दुपारी त्या घरातल्या आईनं माझे टरटर आठ तुकडे केले.

माझी सात भावंडं जिकडे तिकडे पांगली. दोन लादी पुसायला गेली, एक ओट्यावर गेलं, एकाला तर खिडकीच्या फटीत कोंबलं. माझंही तसंच काहीतरी झालं असतं, पण तेवढ्यात बाबा आत आले.

"अगं, त्यातलं एक चांगलंसं मला दे. गाडीसाठी. आणि कडा शिवून दे, नाहीतर दोरे निघतात."

"फडक्याला शिवण? उद्या इस्त्रीही मागाल," आई म्हणाली. पण तिनं दिली शिवून, चारही बाजूंनी, बारीक टाक्याची.

त्या शिवणीनं माझं डोकं चढलं हे मी कबूल करतो. लादीवरच्या भावंडांकडे मी चक्क नाक मुरडायचो.

बाबांनी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधन केलं होतं. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. दुसऱ्याची वेलांटी चुकली तर ती त्यांना दहा पावलांवरून दिसायची. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांना काम उरलं नाही आणि ते सगळं लक्ष गाडीवर गेलं. गाडी चाळीस वर्षांहून जुनी होती. दुधी रंग, बटाट्यासारखे गोल दिवे, आणि दार लावलं की 'धप्' असा भारदस्त आवाज. रस्त्यानं जाताना लोक थांबून बघायचे. कोणी विचारलं, "अजून चालते?" की बाबा म्हणायचे, "चालते काय, तुमच्यामाझ्यापेक्षा बरी चालते!"

रोज सकाळी ते मला घेऊन खाली यायचे. बॉनेट, दारं, मडगार्ड, सगळं पुसायचे. शेवटी माझी चौपदरी घडी घालून मला मागच्या डाव्या मडगार्डवर ठेवायचे आणि दोन पावलं मागे जाऊन गाडी बघत उभे राहायचे. ते माझे सुखाचे दिवस होते. शेजारी म्हणायचे, "गाडी कशी आरशासारखी ठेवलीय!" गाडीचं कौतुक झालं की मला वाटायचं, त्यातलं निम्मं माझं.

पण जुनी गाडी म्हणजे रोजचं दुखणं. कधी रेडिएटर, कधी बॅटरी, कधी गिअर अडकला. बाबांची लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. कामाहून दमून यायची आणि गाडी ढकलायला लागायची. एकदा भर चौकात गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा कल्ला, आणि आई आत घामाघूम. त्या दिवशी घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आता शेवटचं सांगते. मिस्त्रीकाकांना एकदा सगळं नीट करू दे. त्यानंतर एक जरी तक्रार आली ना, तर गाडी द्यायची. आणि तेव्हा तुम्ही तोंड पाडून बसायचं नाही."

"नाही बसणार," बाबा म्हणाले. त्यांचं तोंड तेव्हाच पडलं होतं.

गॅरेजवाला मिस्त्री कमी बोलणारा माणूस. काम झालं की टायरवर खडूनं तारीख टाकायची ही त्याची सवय. त्यानं ब्रेकचं काम मुळापासून केलं, चारही चाकांतली रबरं बदलली, आणि चावी लेकीच्या हातात देताना म्हणाला, "ताई, या गाडीला चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे. कुठेही एका जागी गळलं तरी सगळे ब्रेक जातात. म्हणून गाडी काढायच्या आधी वाकून खाली बघायचं. कोबा कोरडा असेल तरच चावी फिरवायची. ओलं दिसलं तर मला हाक मारा, मी येतो."

लेकीनं ते मनावर घेतलं. लॅबमध्ये जे काचेखाली दिसेल तेच खरं, अशी तिला सवय. तेव्हापासून ती दर वेळी गुडघ्यावर हात टेकून चारही चाकांखाली बघायची, "कोरडं आहे," असं स्वतःशी म्हणायची आणि मगच आत बसायची.

दोन महिने सगळं ठीक गेलं. मग एका सकाळी मागच्या डाव्या चाकाखाली एक डाग दिसला. चहाच्या बशीएवढा, पिवळट, बोटाला बुळबुळीत. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं. लेक अजून उठली नव्हती.

मित्रांनो, तेव्हा त्यांनी हाक मारली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. मिस्त्रीनं अर्ध्या तासात रबर बदललं असतं. लेक फार तर चिडली असती. पण बाबांना वाटलं, हीच ती 'एक तक्रार'. त्यांनी मला बादलीत बुडवलं, पिळलं आणि डागावर फिरवलं. ब्रेक ऑइलला तेल म्हणतात खरं, पण ते पाण्यात विरघळतं. दोन हात फिरवताच कोबा स्वच्छ झाला. मग त्यांनी चाकाची आतली बाजू पुसली, आणि नेहमीप्रमाणे मला मडगार्डवर ठेवून दिलं.

आणि मी काय केलं? मी खूश झालो! किती छान पुसलं, डागाचा मागमूस नाही, असं मनात म्हणालो. फडक्याची अक्कल ती केवढी.

पुढे रोजचं झालं ते. बाबा आता उजाडायच्या आत खाली यायचे. ब्रेक ऑइलचा एक छोटा डबा त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यामागे लपवला होता. बॉनेट उघडून, गळलं असेल तेवढं ते वरून भरायचे. मग कोबा पुसायचे, चाक पुसायचे, मला मडगार्डवर ठेवायचे आणि साबणानं हात धुऊन वर जायचे. थोड्या वेळानं लेक यायची, वाकायची, "कोरडं आहे," म्हणायची. वरच्या खिडकीत बाबा उभे असायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण बाबांचे डोळे उघडे होते. त्यांना रोज भीती वाटायची, आणि रोज गाडी सुखरूप परत आली की वाटायचं, झालं, आजचा दिवस निभावला.

बशीएवढा डाग ताटाएवढा झाला. मी तेलानं चिकट झालो, माझा निळा रंग गेला, मला उग्र वास यायला लागला. आता मला सगळं कळत होतं. फडक्याला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणतो. खरं सांगू? मला खात्री नाही. बाबा मला रोज हातात घेत होते, माझ्याशिवाय त्यांचं चालत नव्हतं, आणि त्याचं मला कुठेतरी बरं वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी डबा रिकामा निघाला. बाबांनी तो उपडा करून हलवला. तीन थेंब पडले. "उद्या आणू," ते पुटपुटले, "आज गाडी कुठे काढायचीय कोणाला." त्यांनी कोबा पुसला. चाक पुसत होते तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

लेक आणि आई खाली येत होत्या. आईचे गुडघे दुखत होते, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. बसनं जायचं ठरलं होतं.

"बसला पायऱ्या उंच असतात बाबा, आईला चढवत नाही," लेक म्हणाली. "गाडीच काढते."

बाबा झटकन उभे राहिले. मी त्यांच्या हातात होतो, ओलाचिंब. त्यांनी मला पाठीमागे धरलं. लेक वाकली. पुढची दोन चाकं, मागची दोन चाकं.

"कोरडं आहे."

बाबांनी तोंड उघडलं. आता बोलतील, मला वाटलं. आई दार धरून हळूच आत बसत होती. बाबा पुढे झाले, तिला हात दिला, आणि दुसऱ्या हातानं मला पुढच्या सीटखाली सारलं.

"हळू चालव," ते म्हणाले.

एवढंच.

सीटखालून मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आई डॉक्टरांच्या मागच्या गोळ्यांविषयी बोलत होती. पाण्याच्या टाकीजवळचा उतार लागला. लेकीनं ब्रेक दाबला आणि पेडल पार खाली जाऊन टेकल्याचं मला ऐकू आलं. तिनं पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. "आई, घट्ट धर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. गिअर करकरला, हँडब्रेक खेचल्याचा आवाज आला, गाडी आडवी झाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसली आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकली.

गाडी थांबताच आई म्हणाली, "तुला लागलं का गं?"

तिचा स्वतःचा हात मनगटात मोडला होता.

गाडी ओढत मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. दुसऱ्या दिवशी लेक आली. कपाळावर तीन टाके, डोळे सुजलेले. मिस्त्री मागचं डावं चाक काढून बसला होता.

"रबर गेलं होतं, ताई. सगळं ऑइल इथून बाहेर पडलं."

"पण मी बघितलं होतं, काका! तुम्ही सांगितलं तसं रोज बघायचे. त्या दिवशीही बघितलं. थेंब नव्हता खाली. आईला मी शेजारी बसवलं ते तुमच्या शब्दावर."

मिस्त्रीनं हातातलं फाटकं रबर उलटसुलट करून बघितलं. मग हळूच म्हणाला, "आधी गळत असतं तर दिसलंच असतं. म्हणजे एकदम फुटलं. एकदम फुटलं म्हणजे मी बसवताना चुकलो. आईंना सांगा, मला माफ करा म्हणावं."

लेक पाठ फिरवून निघून गेली. त्या दिवसापासून मिस्त्रीनं ब्रेकचं एकही काम घेतलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "ब्रेक सोडून काहीही सांगा." मधेच हातातलं काम थांबवून स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा. तीस वर्षं ज्या हातांवर लोक डोळे मिटून विसंबले, त्यांच्यावर त्याचाच विश्वास राहिला नव्हता. आणि मी तिथेच, दोन हातांवर, सीटखाली बोळा होऊन पडलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

बाबा एकदा आले होते. गाडीभोवती फिरले, दाराच्या कडीला हात लावला. मला न्यायला आले होते, मला माहीत आहे. पण मिस्त्रीनं "या भाऊ, बसा," म्हणून स्टूल पुढे केलं आणि चहा घ्या म्हणाला. बाबांना तो चहा गिळवेना. अर्धा कप ठेवून ते परत गेले.

पुढे मिस्त्रीनं हँडब्रेक तपासायला सीट बाहेर काढली, आणि मी त्याच्या हाती लागलो. त्यानं मला नाकाशी धरलं. बोटांत चोळलं. माझ्या धाग्यांत अडकलेली सिमेंटची बारीक रेती त्यानं नखानं काढून तळहातावर घेतली. एका दिवसाच्या गळतीनं फडकं असं होत नाही, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तो उठून गाडीच्या मागे गेला. डाव्या मडगार्डवर रंगाला फोड आले होते आणि मधे पत्रा उघडा पडला होता. ब्रेक ऑइल रंग खातं. त्यानं माझी चौपदरी घडी घातली आणि त्या जागेवर ठेवली.

मी तिथे चपखल बसलो. मित्रांनो, त्या गाडीला आरशासारखं ठेवलं म्हणून मी मिरवत होतो, आणि तिचा रंग मीच खाल्ला होता.

आता मिस्त्री शिव्या देईल, बाबांना बोलावून जाब विचारेल, असं मला वाटलं. त्यानं काय केलं? बादलीत साबणाचं पाणी केलं. आधी चाक, ड्रम, गाडीची खालची बाजू, जिथे जिथे ऑइल उडालं होतं ते सगळं धुऊन काढलं. नवं रबर बसवलं, लाइनमधली हवा काढली, पेडल पन्नासदा दाबून बघितलं. आणि शेवटी त्यानं मला धुतलं, तीन पाण्यांतून, आणि तारेवर वाळत घातलं. कितीतरी दिवसांनी माझ्या चौकड्या पुन्हा दिसायला लागल्या. असं स्वच्छ होणं मात्र मला नको होतं.

आठव्या दिवशी लेक आणि बाबा गाडी न्यायला आले. लेक सवयीनं चाकांखाली बघायला वाकली आणि तिची नजर मडगार्डवर गेली.

"हे काय झालंय, काका?"

मिस्त्री हात पुसत राहिला. गाडीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही. "धक्क्यानं... उडाला असेल रंग. मी मारून देतो. आणि ताई, यापुढे ब्रेकसाठी दुसऱ्या कोणाला तरी दाखवत जा. माझा हात आता चुकतो."

बाबांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसलो, तारेवर, धुतलेला, चारही शिवणी सरळ केलेला. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं मान खाली घातली. खरं म्हणजे ती बाबांनी घालायची होती.

"त्यांचा हात नाही चुकला," बाबा म्हणाले. "मी पुसत होतो."

"काय पुसत होतात?"

"कोबा. रोज सकाळी. तीन आठवडे गळत होतं. तू उठायच्या आत मी पुसायचो आणि वरून ऑइल भरायचो. तू गाडी द्यायची म्हणाली होतीस, म्हणून..."

लेक एक पाऊल पुढे आली. "त्या दिवशीही पुसलंत?"

"हो."

"मी वाकून बघत होते तेव्हा?"

"फडकं माझ्या हातात होतं."

"आई गाडीत होती, बाबा."

ती रागानं ओरडली असती तर बाबांना सोपं गेलं असतं. तिनं चावी मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि चालत घरी निघाली. बाबांनी मिस्त्रीपुढे हात जोडले. मिस्त्रीनं ते धरून खाली केले आणि म्हणाला, "भाऊ, आठ दिवस मी माझ्या हातांकडे बघतोय." मग त्यानं मला तारेवरून काढून गाडीत ठेवलं आणि गाडी स्वतः आमच्या घराखाली आणून लावली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ब्रेकची कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

घरात लेक बाबांशी बोलेना. ताट वाढायची, औषध आणून ठेवायची, पण बोलायची नाही. आईचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिची वेणी बाबा घालायचे, आणि ती रोज वाकडी व्हायची. एकदा मला दोरीवरून काढताना आई त्यांना म्हणाली, "मला सांगायचंत ना. मी रागावले असते, पण निदान हात तरी मोडला नसता." बाबा तिची सुटलेली वेणी पुन्हा घालायला लागले.

गाडी विकायची का, हा प्रश्न कोणी काढला नाही. ती खाली उभी होती. बाबा तिला हातही लावत नव्हते.

गाडी घरी आल्यानंतरच्या अकराव्या सकाळी बाबा खाली आले. मी गाडीजवळच्या खुंटीवर होतो. मागच्या चाकाजवळ कोब्यावर एक डाग होता, लहानसा, ओला. बाबा थबकले. त्यांचा हात सवयीनं खुंटीकडे आला, माझ्या कडेला लागला, आणि तिथेच थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"अगं, जरा खाली ये! इथे ओलं आहे!"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. लेक तशीच केस बांधत धावत आली. ती गुडघ्यावर बसली. बाबाही कसेबसे तिच्या शेजारी बसले. तिनं डागाला बोट लावलं, चोळलं, वास घेतला. वर पाहिलं. शेजारणीनं गॅलरी धुतली होती, तिथून थेंब ठिबकत होते.

"पाणी आहे, बाबा," ती म्हणाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "तू बघितलंस ना, बास."

त्यांना उठता येत नव्हतं. लेकीनं हात पुढे केला.

मित्रांनो, तिनं त्यांना क्षमा केली की नाही, ते मला माहीत नाही. आईचं मनगट अजून पावसाळी हवेत दुखतं, आणि ते दुखलं की घरातलं बोलणं जरा कमी होतं. मला तर कोणी दोषी धरलंच नाही. फडक्याला कोण जाब विचारणार? म्हणून तो मीच स्वतःला विचारत असतो. तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी खुंटीवर असेलच. डाग दिसला की आम्हाला उचलायची घाई करू नका. आधी कोणाला तरी हाक मारा, दोघांनी मिळून बघा, आणि मग आम्हाला घ्या. मीही येईन. पुसणं हेच माझं काम आहे, पण आता ते मी भीतभीतच करतो.